श्रावण मिस्त्रीची सही

रिना दुर्गे आणि मी चंद्रपूरच्या कॉलेजात एम.टेक.ला एका बाकावर बसायचो. विषय होता बांधकाम व्यवस्थापन. वर्गात अकरा जण, त्यांत मुली आम्ही दोघीच, त्यामुळे मैत्री आपोआपच झाली. डबा एक, नोट्स एक, वसतिगृहातली खोलीही पुढे एकच झाली.

तिचं घर गडचांदूरजवळच्या एका खेड्यात. वडील काय करतात, असं पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं. "बांधकाम लाइनमध्ये आहेत," असं ती म्हणाली. पहिली सहामाही संपेपर्यंत मी समजत होते की ते कंत्राटदार असावेत. मग एकदा सुट्टीत तिच्या घरी गेले. अंगणात एक उंच, वाळका माणूस पाण्याच्या टाकीला आतून घोटीव गिलावा करत होता. कोपरापर्यंत हात सिमेंटने पांढरे. शेजारच्या घरासाठी फुकट करून देत होता म्हणे. तेच रिनाचे बाबा, श्रावण मिस्त्री. मला पाहून ते टाकीतूनच म्हणाले, "ये बाई, बस. हात असे आहेत म्हून उठत नाई." रिनाची आई, मीराबाई, हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. रिना मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. त्या दिवशी मला कळलं की तिने खोटं सांगितलं नव्हतं, फक्त अर्धं सांगितलं होतं.

श्रावण मिस्त्री चौथी शिकलेले. चौदा जणांची त्यांची टोळी होती. काही जण गावचे, काही भामरागडकडचे माडिया आदिवासी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जिथे शाळा, दवाखाना, अंगणवाडी बांधायची असेल तिथे कंत्राटदार त्यांना बोलवायचे, कारण ते पावसाळ्याच्या तोंडावरही काम सोडून पळत नसत. रिनाला इंजिनिअरिंगला घालायचं हे त्यांनीच ठरवलं होतं. मीराबाईंची इच्छा होती की मुलीने डी.एड. करावं. मिस्त्रींनी ऐकलं नाही. "आपन भिंती उभ्या करतो, पन कागद दुसऱ्याच्या हाती असते," असं ते म्हणत. "माह्या पोरीच्या हाती कागद पाहिजे."

दुसऱ्या वर्षी हेमराज सरांनी आम्हाला 'प्रकल्पांतील गुणवत्ता व्यवस्थापन' हा पेपर शिकवला. सर ब्रह्मपुरीकडचे. पुस्तकी मराठीत सुरुवात करायचे आणि रंगात आले की बोलीवर घसरायचे. गुणवत्ता म्हणजे शेवटी मोजायची गोष्ट नाही, ती पहिल्या दिवसापासून कामात घालायची गोष्ट आहे, हे त्यांचं आवडतं वाक्य. दोष सापडला की त्याचं मूळ कारण कसं शोधायचं, यावर त्यांनी तीन तास घेतले होते. फळ्यावर माशाचा सांगाडा काढायचा, डोक्याच्या जागी दोष लिहायचा आणि एकेका काट्यावर कारणं मांडत जायची : माणूस, यंत्र, साहित्य, पद्धत, मोजमाप, हवामान.

"आनि पहिल्या उत्तरावर थांबू नका," सर म्हणाले. "काऊन झालं, हे विचारा. उत्तर आलं की पुन्हा काऊन. पाच वेळा काऊन! पाचव्या काऊनला माणूस खरं बोलायला लागते."

पुस्तकातल्या 'का'चा असा 'काऊन' झालेला ऐकून वर्ग हसला. रिनाने ते वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. अभ्यासात ती आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. आकडेवारी, नियंत्रण तक्ते, नमुना किती घ्यायचा याची गणितं, सगळं तिला पाठ नव्हे, समजलेलं असायचं. सरांचा तिच्यावर फार जीव. म्हणूनच एटापल्ली तालुक्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आलं, तेव्हा त्यांनी ते प्रबंधासाठी तिला दिलं.

वसतिगृह दोन मजली होतं, बांधून चार वर्षंही झाली नव्हती. वरच्या मजल्यावर एका खोलीत छताचा तुकडा पडला. मुली तेव्हा जेवायला खाली होत्या, म्हणून वाचल्या. कॉलमच्या कडा सुटून आतली सळई दिसायला लागली होती. वसतिगृह चालवणाऱ्या सरकारी खात्याने कॉलेजला पत्र लिहिलं की इमारत पाहा आणि दोषाचं कारण कळवा. सरांना वाटलं, विद्यार्थिनीला खरा प्रकल्प मिळेल आणि खात्याला अहवालही मिळेल.

पत्रावर गावाचं नाव वाचून रिनाने ते घडी करून वहीत ठेवलं. खोलीवर आल्यावर तिने मला सांगितलं, "हे बाबांनी बांधलंय."

"मग सरांना सांग," मी म्हटलं.

"सांगितलं तर सर काम दुसऱ्याला देतील. आणि वर्गात कळेल."

काय कळेल, हे मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो. सर, रिना, आणि मदतीला मी. तीन दिवस राहिलो. काँक्रीटवर दाबून धक्का द्यायचा आणि तो किती जोराने परत येतो तो आकडा वाचायचा, असं एक यंत्र असतं. त्याने प्रत्येक कॉलमवर बारा ठिकाणी वाचनं घेतली. खालच्या मजल्याचे आकडे चांगले आले. वरच्या मजल्याचे पडलेले. दोन कॉलममधून आम्ही नळीने गाभा काढला, तर तो मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ. रिना एकेक आकडा मोठ्याने वाचायची आणि मी लिहून घ्यायचे. वसतिगृहातल्या मुली व्हरांड्यात रांगेने बसून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या गादीच्या वळकट्या तोवर खालच्या जेवणघरात हलवल्या होत्या.

कंत्राटदाराचा त्या वेळचा साइट इंजिनिअर, प्रफुल, मुद्दाम आला होता. नम्र माणूस. त्याने सगळी रजिस्टरं आणली होती : सिमेंटची आवक, वापर, काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या चाचण्या. सगळं एका हाताचं, नीटनेटकं. ठोकळ्यांचे निकाल एकूण एक पास. सरांनी त्याला विचारलं, "मंग वरचा मजला असा काऊन झाला?"

"सर, मटेरियल एक नंबर होतं," प्रफुल म्हणाला. "कारागिरीत मार खाल्ला. गवंडी लोकल, हेल्पर जंगलातले. काँक्रीट नीट घोटलंच नाही त्यांनी."

रिना माझ्या शेजारी उभी होती. तिने ते लिहून घेतलं. पण मला आठवतं, त्यानंतर तिने प्रफुलला एकही प्रश्न विचारला नाही. दुसरा काऊनसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी ती घरी गेली. त्या दिवशी काय झालं ते तिने मला फार उशिरा, सगळं संपल्यावर सांगितलं. बाबा अंगणात तुरीच्या काड्या बांधत बसले होते. त्यांनी विचारलं, "कोनती बिल्डिंग पाहून राह्यली तू, प्रोजेक्टले?"

"एटापल्लीकडची एक आहे."

"पोरींचं वसतिगृह?"

"हो."

मिस्त्रींनी हातातली मोळी खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "काई इचारायचं असंल तं इचार."

रिना म्हणाली, "नाही बाबा. आमचं सगळं मशीनवर असतं."

ते बरं म्हणाले आणि पुन्हा मोळी बांधायला लागले.

ती मला हे सांगताना पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत होती. ते वाट बघत होते, म्हणायची. त्यांनी मोळी खाली ठेवली होती. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी सगळं सांगितलं असतं. पण मला भीती वाटली, की ते म्हणतील, हो, चूक माझीच होती. आणि मग मी ते कसं लिहिणार होते?

म्हणून तिने न विचारताच लिहिलं. माशाच्या सांगाड्याचं चित्र मी संगणकावर काढून दिलं, कारण माझा हात त्यात बरा होता. साहित्याच्या काट्यावर काहीच नव्हतं, रजिस्टरं स्वच्छ होती ना. माणसाच्या काट्यावर तिने सांगितलं आणि मी टाइप केलं : 'अकुशल गवंडी पथक, काँक्रीट घट्ट करण्यात निष्काळजीपणा.' निष्काळजीपणा हा शब्द कडक वाटतो का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सरांना ठाम निष्कर्ष आवडतो. कुणाचं नाव तर नाहीच यात. तो शब्द माझ्या बोटांनी उमटला आहे, म्हणून ही गोष्ट सांगताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही.

प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात तिचं नाव आलं : कु. रिना श्रावण दुर्गे. एक प्रत विद्यापीठाला, एक ग्रंथालयात, एक सरांनी खात्याला पाठवली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. त्या वर्षी विद्यापीठात ती या विषयात पहिली आली. मिस्त्रींनी गावच्या बुद्धविहारात सगळ्यांना पेढे वाटले. मी गेले होते त्या दिवशी. ते मागे भिंतीला टेकून उभे होते. पुढे या म्हटलं तरी आले नाहीत.

निकालानंतर रिना काही दिवस घरीच होती. जूनचा महिना. बाबा हल्ली कामावर जात नाहीत, हे तिच्या लक्षात आलं. आईला विचारलं तर म्हणाल्या, गुडघे दुखतात त्यांचे. एका दुपारी लालसू आला. भामरागडकडचा माडिया. मिस्त्रींच्या टोळीत नऊ वर्षं होता. रिनाने त्याला लहानपणापासून पाहिलेला. मिस्त्री घरी नव्हते. त्याने पाणी घेतलं, ओट्यावर बसला.

"मिस्त्रीले काम भेटलं का, ते पाहाले आलो होतो," तो म्हणाला. "टोळी तं फुटली. आम्ही सारे मिरची तोडाले तिकडं तेलंगणात गेलो या साली. मिस्त्रीशिवाय कोनी आमाले बोलावत नाई."

"टोळी फुटली? कधी?"

लालसूने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले नाई मालूम?"

मग त्याने सांगितलं. जानेवारीत खात्याच्या ऑफिसातून मिस्त्रीला बोलावणं आलं. सोबत लालसूही गेला होता. तिथे कंत्राटदाराचा माणूस होता, दोन साहेब होते. साहेबांनी टेबलावर एक जाड पुस्तक ठेवलं. यात कॉलेजनं लिहिलंय, की चूक गवंड्याची आहे. तुला काय म्हणायचंय ते सांग, लिहून घेतो.

"मिस्त्री घरून सारं ठरवून आला होता," लालसू म्हणाला. "सिमिटाची गोष्ट सांगतो म्हने. मी बी गवाही देनार होतो. पन त्यानं ते पुस्तक हाती घेतलं. वरचं नाव वाचलं. लय वेळ पाहत राह्यला. मंग साहेबाले म्हनाला, याच्यात लिवलं ते बरोबर आहे. कुठी सही करू?"

त्या सहीनंतर एकाही कंत्राटदाराने मिस्त्रींना बोलावलं नव्हतं. रिनाने विचारलं, "सिमेंटची कसली गोष्ट?"

लालसूला जेवढं सांगता आलं तेवढं त्याने सांगितलं. उरलेलं संध्याकाळी बाबा आल्यावर तिने त्यांना विचारलं. पहिल्यांदा विचारलं.

मिस्त्री आधी बोलायला तयार नव्हते. मग एकदा सुरू झाले तेव्हा अगदी कामाचा हिशेब द्यावा तसं त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता. त्या साली सिमेंट पावसाआधीच आणून ठेवलं होतं, कारण पुढे नाल्यांना पूर आला की ट्रक जात नाही. पत्र्याच्या शेडमध्ये, खाली फक्त ताडपत्री. जमीन पाझरली. सप्टेंबर उजाडला तोवर निम्म्या पोत्यांत गोटे झाले होते. वरच्या मजल्याचे कॉलम भरायचे होते. मिस्त्रींनी पोतं फोडून मूठ दाबून पाहिलं आणि काम थांबवलं. प्रफुलला म्हणाले, हे सिमिट मेलेलं आहे, नवं आना. प्रफुल म्हणाला, रस्ता बंद आहे, पंधरा दिवस ट्रक येणार नाही. वरचाच मजला आहे, चालतंय. मिस्त्रींनी दोन दिवस टोळीला बसवून ठेवलं. साइटच्या वहीत लिहा, असा आग्रह धरला. लिहितो म्हणाला. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने निरोप पाठवला की तुला जमत नसेल तर दुसरी टोळी येते.

"मंग?" रिनाने विचारलं.

"मंग मी भरले कालम. सिमिट चाळून घेतलं, गोटे काढून फेकले. दुसऱ्यानं चाळलं बी नसतं, असा इचार केला मी." त्यांनी तळहात उघडून पाहिला. "पन भरले मीच. कोनी माहा हात धरून नाई भरवले."

"आणि ऑफिसात हे काऊन नाही सांगितलं, बाबा?"

"वरती तुहं नाव होतं."

"म्हणून?"

"मी म्हटलं असतं का हे खोटं आहे, तं त्यायनं कॉलेजले इचारलं असतं. कॉलेजनं तुले इचारलं असतं. तुही परीक्षा व्हायची होती अजून." एवढं बोलून ते उठले. जाताना म्हणाले, "तुहं बी चुकलं नाई. मशीननं जे दाखवलं ते तू लिवलं."

त्या वाक्याने रिना जी रडली ती तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली तेव्हाही रडतच होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती म्हणत होती.

आम्ही दोघी हेमराज सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकलं. पहिल्यांदा ते चिडले, मिस्त्री तुझे वडील आहेत हे तू लपवलंस म्हणून. मग खुर्चीत मागे टेकले. "मी पन त्या प्रफुलले एकच काऊन विचारला," ते म्हणाले. "रजिस्टर बघून गप्प बसलो. एवढ्या महिन्यांच्या कामाचं रजिस्टर एका शाईचं कसं असते, हे मला दिसायला नको होतं का?"

पदवी देऊन झाली होती, प्रबंध परत घेता येत नव्हता. सरांच्या सल्ल्याने रिनाने पुरवणी टिपण लिहिलं. त्यात सिमेंट साठवणुकीची हकीकत, लालसूचं म्हणणं, गाभ्याचे तुकडे पुन्हा प्रयोगशाळेत तपासून निघालेला निष्कर्ष, आणि शेवटी तिची स्वतःची कबुली : संबंधित गवंडी हे माझे वडील असून मी त्यांची बाजू विचारली नाही. सरांनी खाली सही केली. टिपण खात्यात नेऊन दिलं, आवकचा शिक्का मारून घेतला. महिन्याभराने ती पुन्हा गेली. कॉलमना बाहेरून जाड वेष्टण घालायचं काम त्याच कंत्राटदाराने सुरू केलं होतं आणि चौकशीची फाइल बंद झाली होती. बाई, आता हे कशात लावायचं, असं तिथल्या कारकुनाने तिला विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

तिला वाटलं होतं की निदान घरी तरी हलकं वाटेल. तिने टिपणाची प्रत बाबांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवत, अर्धा तास वाचली. मग आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्यावर ओरडले.

"काऊन लिवलं तू हे? कोनी सांगितलं होतं?"

"बाबा, खरं काय ते लिहिलं."

"माही सही आहे तिथी! मी सही करून आलो. आता तू म्हनतं का त्या माणसाची सही खोटी आहे. मंग माह्याजवळ काय राह्यलं?"

मीराबाई मध्ये आल्या. "पोरीनं तुमच्याच भल्यासाठी केलं ना."

"माह्या भल्यासाठी इचारायचं होतं," मिस्त्री म्हणाले. "लिवाच्या आधी. मी बसलो होतो अंगनात."

मग ते बाहेर निघून गेले. त्या विषयावर त्या घरात त्यानंतर बरेच महिने कोणी बोललं नाही. मोठं काम त्यांना पुन्हा मिळालं नाही. गावात कोणाचा ओटा, कोणाची न्हाणी, एवढंच करत. टोळीतले तिघे-चौघे गडचांदूरला सिमेंट कारखान्याच्या बाहेर गाड्या भरायला लागले. लालसू मिरचीलाच जात राहिला.

रिनाला पुढच्या वर्षी नोकरी लागली. एटापल्ली भागात पाण्याच्या टाक्यांची कामं चालू होती, तिथे गुणवत्ता अभियंता म्हणून. पुण्याची एक नोकरी तिने नाकारली. मला फोनवर म्हणाली, "तिकडे जाऊन मी काय तपासणार? इथली भाषा मला येते." एकदा मी तिच्या साइटवर गेले होते. रजिस्टर उघडायच्या आधी ती तिथल्या मिस्त्रीजवळ उकिडवी बसली होती आणि त्याला सिमेंट कोणत्या दिवशी आलं, शेड गळते का, पाणी कुठून घेता, असं विचारत होती. तो वैतागला होता. बाई रोजच तेच इचारते, असं तो मला म्हणाला. चांगलं काम करते ती. पण ते बघून मला बरं वाटलं नाही. तिच्यात हे कशातून आलं आहे, हे मला माहीत होतं.

सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी मोठी गर्दी असते. दुर्गे कुटुंब कधी चुकवत नाही. मागच्या वर्षी रिना एटापल्लीहून परस्पर आली, आईबाबा गडचांदूरहून. मीही त्यांच्यासोबत होते. वंदना झाली, जेवण झालं. मीराबाई त्यांच्या बहिणीला शोधायला गेल्या. आम्ही तिघं एका मंडपाच्या सावलीत बसलो होतो. समोरून पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पुस्तकांच्या पिशव्या घेतलेली माणसं जात होती. पांढऱ्या गणवेशातल्या शाळकरी मुलींची एक रांग गेली. मिस्त्री ती रांग संपेपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी रिनाकडे न बघताच विचारलं, "त्या पोरी आल्या का वापस? वसतिगृहातल्या."

रिनाने तिथे जाऊन वॉर्डनबाईंना विचारलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. कॉलमचं काम चाललं तेव्हा अकरा महिने वसतिगृह बंद होतं. मुलींना घरी पाठवलं होतं.

"बासष्ट होत्या," ती म्हणाली. "एकेचाळीस आल्या."

"बाकीच्या?"

"काहींची लग्नं झाली. काही मिरचीला जातात आईसोबत. ज्या आत भामरागडकडच्या होत्या त्यांचा पत्ताच लागत नाही, वॉर्डनबाई म्हणाल्या."

मिस्त्रींनी मान हलवली. "एकवीस," ते म्हणाले. मग म्हणाले, "दोन दिवस बसवली होती मी टोळी. अजून तेरा दिवस बसवाले पाहिजे होती."

रिना म्हणाली, "मी विचारायला पाहिजे होतं."

"तोवर तं कालम भरून झाले होते, बाई. चार साल झाले होते."

"छत पडलं तरी मुलींना बाहेर काढायची गरज नव्हती, बाबा. कारण नीट कळलं असतं तर नुसत्या वरच्या मजल्याचं काम वेगळं करता आलं असतं. खालचा मजला चांगला होता, आकडे होते माझ्याकडे. पण मी लिहिलं की पथकच अकुशल होतं, म्हणून त्यांना सगळीच इमारत संशयाची वाटली. सगळी रिकामी केली."

हे ती मलाही कधी बोलली नव्हती. मिस्त्रींनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहिलं. काहीतरी सांत्वनाचं बोलतील असं मला वाटलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला. दोघांनीही त्या इमारतीत आपापलं काम केलं होतं आणि दोघांनाही ते आता ओळखता येत होतं.

मीराबाई बहिणीला घेऊन आल्या, मग बोलणं घरच्या गोष्टींवर गेलं. चारच्या सुमारास आम्ही बसस्टँडकडे निघालो. गडचांदूरची गाडी खचाखच भरली होती. कंडक्टरने ओळखीच्या एकाला उठवून मिस्त्रींना जागा करून दिली. मीराबाई त्यांच्या शेजारी दांडी धरून उभ्या राहिल्या. रिनाला दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवर काँक्रीट भरायचं होतं, ती आईबाबांसोबत गेली नाही. गाडी निघेपर्यंत ती खिडकीखाली उभी होती, आणि मिस्त्री आतून तिला विचारत होते की तिकडं थंडी पडली का, जेवण वेळेवर होतं का.